ऑक्सिजन ९८ आहे ना, मग दम कसला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सासरी, ऑफिसात, सोसायटीच्या जिन्यात, सगळीकडे हेच. कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि जो तो माझं बोट त्यात घालायला लागला. ९८. "बघ, काही नाहीये तुला!"

रक्तात ऑक्सिजन किती, एवढंच ते यंत्र सांगतं. तो आत ओढताना काय होतं ते नाही. ल्युपसने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराने, माझे सांधे धरले ते तुम्ही पाहिलंत. नंतर त्याने छाती-पोटामधला पडदा धरला. एक्स-रेत फुप्फुसं स्वच्छ, फक्त आखूड, पडदा वर सरकलेला. ब्रिटिश मेडिकल जर्नलात १९६५ मध्येच याची नोंद झालीय, 'आकसणारी फुप्फुसं' म्हणून. म्हणजे मी शोधून काढलेलं नाही हे. पडदाच कमजोर होतो, की खोल श्वासाला कळ येते म्हणून शरीर तो घेणंच सोडतं, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही.

हे कळेपर्यंत आठ महिने मी 'टेन्शन'च्या गोळ्यांवर होते. मग फुंकायची टेस्ट. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, समोर टेक्निशियन मुलगा ओरडतोय, "फुंका, फुंका, अजून, अजून!" अजून नव्हतंच. "ताई, मनापासून करा ना, नाहीतर परत करावी लागेल." तीनदा केली. लाळ ओघळून ओढणीवर. चौथ्यांदा रडू फुटलं, तर हुंदकाही पुरता येईना, मध्येच तुटायचा. तो गप्प झाला. पाणी आणून दिलं. स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाला, "तुम्ही फुंकताय बरोबर. आतच कमी आहे." फुप्फुसांत जेवढी हवा मावायला हवी, त्याच्या ४६ टक्के. आठ महिन्यांत मला खोटं न पाडणारा पहिला माणूस तो.

आता तुम्ही न विचारलेलं. त्याआधी नणंदेच्या लग्नासाठी स्टिरॉइड मीच बंद केलं होतं, कुणाला न सांगता. फोटोत गाल फुगलेले नको होते. त्यानेच झालं का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. कधी त्या बाईला झापावंसं वाटतं. मग अल्बम काढते. पैठणीत काय छान दिसतेय! तिला काय बोलणार.

आता ६१ टक्के आहे. कपालभाती सुचवू नका, करून झालीय. आणि दुसऱ्या मजल्यावर मी फोन बघत उभी दिसले, तर मेसेज वगैरे काही आलेला नसतो.