पोपट नेहमी कुणाचा तरी होतो

‘माझा पोपट झाला’ असं आपण सर्रास म्हणतो. ‘मी पोपट झालो’ असं कुणी म्हणत नाही. पचका जसा ‘माझा’ होतो, तसाच पोपटही. मुद्रितशोधनाचं काम करत असल्यामुळे माझी नजर असल्या जागी अडते आणि मग अर्धा तास वाया जातो.

या पक्ष्यावर मराठीने फार परस्परविरोधी कामं लादली आहेत. न समजता घोकलेलं बोलणं म्हणजे पोपटपंची. पण गुन्ह्याच्या बातमीत ‘खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला’ असं येतं, तेव्हा तोच पक्षी पोटातलं खरं ओकत असतो. २०१३ साली कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं, तिथे तो धन्याचं बोलणारा. हे सगळे पोपट पाळलेले, बरं का. रानातला पोपट माणसाची बोली बोलत नाही, थव्याने कर्कश ओरडत जातो. आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे आपले देशी पोपट पाळायला बंदी आहे. भाषेतल्या पिंजऱ्याला मात्र कुणी हात लावलेला नाही.

मला यातला सगळ्यात आवडतो तो ज्ञानेश्वरीतला, सहाव्या अध्यायातला. पारध्याने टांगलेल्या नळीवर तो येऊन बसतो. त्याच्याच भाराने नळी फिरते आणि हा उलटा लोंबकळतो. पाय सोडले की उडता येईल, पण आपण बांधलेलो आहोत अशी शंका मनात बसते आणि तो नळी आणखी घट्ट धरतो. कुणी धरलेलं नसताना अडकलेला! ‘पोपट झाला’ या शब्दप्रयोगाला याच्याइतका शोभणारा पोपट दुसरा नाही, असं माझं मत. बिरबलाच्या गोष्टीतला मेलेला पोपट त्यापुढे फिका. तिथे फजिती पोपटाची नाहीच, ‘पोपट मेला’ हे तोंडाने म्हणायला घाबरणाऱ्यांची आहे.

गंमत अशी, की याच पक्ष्याला राघू म्हटलं की हसू कुठल्या कुठे जातं. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बाई लेकाला राघू म्हणते, लेकीला मैना. ‘माझा राघू’ आणि ‘माझा पोपट’ यांत पक्षी एकच, पण पहिल्यात जीव अडकलाय. रावा, कीर ही त्याची आणखी नावं आता कवितेपुरती उरली. तरी माणसाचं नाव म्हणून पोपटला कुणी हसत नाही. हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली तेव्हा बातमीत ते नाव भारदस्तच वाटलं.

राहिला वेडा राघू. तारेवर बसून हवेतल्या हवेत माश्या पकडणारा, हिरवा, बारीक चोचीचा. तो ना वेडा, ना राघू. पोपटाच्या कुळातलाही नाही. एका लेखात कुणीतरी त्याला ‘वेडा पोपट’ करून टाकलं होतं, ते मात्र मी पहिल्याच फेरीत खोडलं.