चिऱ्याची माती, स्टीलचा रुपया आणि माझं पहिलं डिटेक्टर

जानेवारीत अंगणात, तुळशीपासून चार पावलांवर, एक रुपयाचं नाणं दहा सेंटिमीटर खोल पुरलं, माती पायाने दाबली आणि वरून मेटल डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, फिरवली. मशीन गप्प. मग कॉइल जरा उचलून परत खाली आणली, तर जिथे काहीच पुरलेलं नव्हतं तिथे ते ओरडायला लागलं. मशीन खराब आलं असं धरून मी त्याच संध्याकाळी ते खोक्यात परत भरत होते. आता जून लागलाय, मशीन तेच आहे आणि पाऊस लागेपर्यंत रोज वापरात होतं. तेव्हा काय चुकत होतं ते लिहून ठेवते, कारण गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत जो कोणी स्वस्तातलं डिटेक्टर घेईल, त्याचं पहिल्या दिवशी हेच होणार आहे.

मशीन साडेसहा हजारांचं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, कुठला धातू ते दाखवणारा काटा आहे, त्यासाठीच तीन वेगळे सूर आहेत, सेन्सिटिव्हिटीचं एक बटण आणि धातू वगळायचं एक बटण. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज दाबायची सोय, कारखान्यातच कायमचा बसवलेला, आपल्या हातात काही नाही. घेताना मी फक्त एकच गोष्ट पाहिली होती: किती खोलवरचं पकडतं याचा जाहिरातीतला आकडा. ती चूक होती.

आपल्याकडची लाल माती म्हणजे जांभ्याचा, चिऱ्याचा चुरा. त्यात लोखंडाची ऑक्साईडं ठासून भरलेली असतात. डिटेक्टरची कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते आणि परत काय येतं ते ऐकते. नाण्यातून येणारा प्रतिसाद बारीक असतो आणि आपल्या मातीतून येणारा त्याच्या कितीतरी पट मोठा. ग्राउंड बॅलन्सचं काम म्हणजे हा मातीचा गलबला वजा करणं. तो बॅलन्स दुसऱ्या कुठल्यातरी सौम्य मातीसाठी बसवलेला असेल, तर चिऱ्याच्या जमिनीवर कॉइल वरखाली झाली की आवाज येणारच. हे कळल्यावर मी सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली. खोली कमी होईल म्हणून आधी मन घेत नव्हतं. पण झालं उलटंच, कमी केल्यावर नाणी ऐकू यायला लागली. पूर्ण ठेवली की मशीन मातीच ऐकत बसतं.

म्हणून नवीन घेणाऱ्याला माझं एकच कळकळीचं सांगणं: दुकानात किंवा जुनं विकणाऱ्याकडे जाताना आपल्या कंपाउंडातला चिऱ्याचा एक मुठीएवढा तुकडा पिशवीत घालून न्या. मशीन चालू करून तो कॉइलसमोरून पुढेमागे हलवा. मशीन कोकललं, तर ग्राउंड बॅलन्स फिरवून ते गप्प करता येतं का ते बघा. फिरवायची सोयच नसेल, तर पुढची दोन-तीन वर्षं तुम्ही निम्म्या ताकदीवर चालणार आहात हे धरूनच किंमत ठरवा. हवेत नाणं किती लांबून ऐकू येतं याची परीक्षा दुकानदार आवडीने देतात, पण ती इथे कामाची नाही. माझं मशीन हवेत जुनं पन्नास पैशांचं नाणं अठरा सेंटिमीटरवरून पकडतं. अंगणात तेच नऊवर संपतं.

आता रुपया. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि याबद्दल मराठीत लिहिलेलं मला कुठे दिसलं नाही. डिटेक्टरबरोबर येणारी पुस्तिका परदेशी नाण्यांसाठी लिहिलेली असते. चांदी, तांबं, निकेल यांचे सूर तिने ठरवून दिलेले असतात, आणि 'कॉइन' मोडमध्ये लोखंड वगळलेलं असतं. आपला 1992 पासूनचा रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे. लोहचुंबकाला चिकटतो, घरी करून बघा. म्हणजे कॉइन मोड लावला की मशीन आपलंच नाणं लोखंड समजून गाळून टाकतं! माझ्या अंगणातला रुपया त्या दिवशी असाच गाळला गेला होता.

शिवरात्रीच्या आसपास एक चाचणीची पट्टी केली: स्टीलचा रुपया, पितळी रंगाचे पाच रुपये, दोन धातूंचे दहा रुपये, कप्रोनिकेलचं जुनं अकराकोनी दोनाचं नाणं, ॲल्युमिनियमचं षट्कोनी वीस पैशांचं, एक खिळा, बिअरच्या बाटलीचं झाकण आणि चॉकलेटची चांदी. सगळं पाच आणि दहा सेंटिमीटरवर, प्रत्येकाजवळ काडी रोवून. निकाल असा: अकराकोनी दोन आणि पितळी पाच, दोन्ही बाजूंनी कॉइल नेली तरी तोच सूर. दहाचं जवळपास तसंच. वीस पैसे आणि चॉकलेटची चांदी यांच्यात काट्यावरून फरक करणं मला अजून जमलेलं नाही. आणि रुपया? आडवा पडलेला असला की एकदा खालचा लोखंडी सूर, एकदा एकदम वरचा, परत खालचा. बाटलीचं झाकण अगदी हेच करतं. उभा रुतलेला रुपया तर निव्वळ खिळा.

थोडासा फरक मला कानाने सापडलाय, काट्याने नाही. कॉइल हळूहळू बाजूला सरकवत नेली तर झाकणाचा आवाज कडेला तुटत, खरखरत संपतो. रुपयाचा जरा गोल संपतो. दहातल्या सहा वेळा माझा अंदाज बरोबर येतो. हे हेडफोनशिवाय होत नाही.

मार्चमध्ये गावच्या फुटबॉल मैदानावर गेले, क्लबच्या सेक्रेटरींना विचारून. तीन सकाळी मिळून एकेचाळीस झाकणं, कॅनच्या सतरा कड्या, बुटाचे खिळे, आणि अठरा नाणी, त्यातली तेरा स्टीलची. कॉइन मोड लावून फिरले असते तर त्या तेरांपैकी बहुतेक हुकली असती. खुरप्याने गवताची चकती तीन बाजूंनी कापायची, झाकणासारखी उलटायची, माती रुमालावर काढायची आणि परत तशीच दाबून बसवायची. मैदानावर खळगा राहिला तर पुढच्या वेळी कुणी परवानगी देणार नाही, आणि न देणं योग्यच होईल.

एप्रिलमध्ये केरीच्या किनाऱ्यावर. कोरड्या वाळूत मशीन इतकं शांत की बंद पडलंय असं वाटावं. ओल्या पट्ट्यात पाऊल टाकलं आणि परत गोंधळ सुरू. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली वाळू मशीनला चॉकलेटच्या चांदीसारखी दिसते. तो सूर वगळला तर सोन्याची बारीक अंगठीही त्याबरोबर जाते, कारण तिची जागा तिथेच आहे. एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला यातून सुटका नाही. थोडा उपाय मिळाला: पाण्याकडून वर न चालता पाण्याला समांतर चालायचं, म्हणजे वाळूचा ओलेपणा पावलागणिक बदलत नाही आणि आवाज एका पातळीवर राहतो. लाटांनी काळ्या वाळूचे पट्टे ओढून ठेवलेले असतात, तिथे सेन्सिटिव्हिटी अजून खाली. पण ते पट्टे सोडू नका, जड वस्तूही लाटा तिथेच टाकतात.

तिथे एका पट्ट्यात लागोपाठ सुरेख मधला सूर आला. सहा ठिकाणी खणलं, सहाही शिशाचे गोळे, जाळ्याला लावतात ते. वर होड्यांजवळ बसलेले एक म्हातारे रापणकार, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, बघत होते. "बाय, कितें सोदता गो?" मी गोळे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते तळहातावर घोळवले आणि पूर्वी जाळी कुठे सुकवायचे ती जागा दाखवली, आता तिथे माडांच्या मधे गाड्या लागतात. मे महिन्याभरात तिथून अडीच किलो शिसं काढून त्यांना दिलं. पाच महिन्यांतलं माझं सगळ्यात समाधानाचं काम हेच.

नाण्यांतलं सगळ्यात आवडतं मात्र आजोळी मिळालं, मामाच्या भाटात, म्हणजे बागायतीत, जुन्या गोठ्याच्या उंबऱ्यापाशी. सूर इतका स्वच्छ की पुस्तिकेतला वाटावा. सात सेंटिमीटरवर पोर्तुगीज अमलातलं दहा सेंतावचं नाणं, 1959 चं. ब्राँझचं, त्यामुळे सुरात कसलीच शंका नाही. गोव्यात 1958 मध्ये रुपिया हे पोर्तुगीजांचं जुनं चलन जाऊन एस्कुद आले, सेंताव ही त्यांचीच चिल्लर, आणि डिसेंबर 1961 मध्ये पोर्तुगीज गेले तसे तेही गेले. मामीने ते ओळखलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

कुठे जात नाही तेही सांगते. किल्ले, जुनी देवळं-चर्चं, पडक्या वास्तू: संरक्षित जागेत विनापरवाना खोदकाम 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी गेले नसते. मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे कासवांच्या हंगामात कॉइल नेऊच नका, वाळूत अंडी असतात. कोमुनिदादीची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची, जमीन असेल तर आधी तिथे विचारा. आणि 1878 चा निखात निधी कायदा वाचून ठेवा: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. एकाच खड्ड्यात नाण्यांवर नाणी दिसली तर माझा हात तिथेच थांबेल.

पुढचं मशीन डोळ्यासमोर आहे. ग्राउंड बॅलन्स हातात हवा आणि पाण्यात नेता यायला हवं, तर नोक्ताचं सिम्प्लेक्स. ओली वाळू मुख्य असेल तर मिनलॅबचं व्हँक्विश, ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालतं. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण चिऱ्याचा तुकडा दाखवल्याशिवाय पैसे देणार नाही. तोवर पावसात मशीन बंद: सेल काढून ठेवलेत, कॉइल आणि दांडा गोड्या पाण्याने धुऊन पुसलाय, आणि सगळं तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या फळीवर आहे.

चाचणीची पट्टी मात्र पावसात तशीच ठेवणार आहे. ताजी उकरलेली माती मुरली की आकडे बदलतात, मेपर्यंतच दोन सेंटिमीटरचा फरक पडलाय. सांगे, डिचोली, सत्तरीकडे कोणी फिरवत असेल तर याच आठ वस्तू पाच आणि दहा सेंटिमीटरवर पुरून तुमचे आकडे द्या. खाणीच्या पट्ट्यातली माती माझ्या अंगणापेक्षा किती वाईट आहे, ते मला बघायचंय.