मगरीचं कातडं उलटवून चिकटवू नका

क्रिएचर डिझाइनच्या, म्हणजे काल्पनिक प्राणी रचण्याच्या कामात फोटोतलं टेक्स्चर (पोत) वापरणं ही लबाडी समजत नाहीत. मात्र ते फोटोतलं आहे हे दिसलं, की काम फसलं. पोर्टफोलिओ करणाऱ्यांसाठी म्हणून हे जरा सविस्तर.

आधी प्राणी करड्या छटांमध्ये पुरता रंगवून घ्या. फुगवटे आणि उजेडाची दिशा इथेच पक्की व्हायला हवी, नाहीतर वरून कितीही खवले चढवा, अंग सपाटच दिसतं.

फोटो ढगाळ हवेतला निवडा. कडक उन्हातल्या फोटोत प्रत्येक सुरकुतीला आपली सावली असते. चित्रात उजेड डावीकडून आणि सुरकुत्यांवर उजवीकडून पडला, की उंचवटे खड्ड्यांसारखे वाटू लागतात. तसाच फोटो वापरावा लागला तर फोटोशॉपमध्ये आधी त्याचा रंग काढा, मग हाय पास फिल्टर लावा. तीन हजार पिक्सेल रुंदीला २० ते ४० रेडियस पुरतो. मोठ्या सावल्या जातात, बारीक पोत तेवढा मधल्या करड्यावर उरतो. हा लेयर (थर) ओव्हरले मोडवर, म्हणजे खालच्या रंगात मिसळण्याच्या एका पद्धतीवर टाका. त्या मोडमध्ये ५० टक्के करड्याचा काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे खालची छटा शाबूत राहते. गडद सावलीत आणि लख्ख उजेडात पोत आपोआप फिका पडतो, मधल्या छटांत उठून दिसतो. खऱ्या कातडीचंही साधारण असंच असतं.

खरी मेहनत वार्पची, म्हणजे पोत अंगाच्या वळणांप्रमाणे वाकवण्याची. पोटाच्या कडेकडे खवले दबून अरुंद व्हायला हवेत; तिथेही समोरून दिसतात तेवढेच रुंद ठेवले तर प्राण्यावर छापील कापड गुंडाळल्यासारखं वाटतं. पापणीजवळ बारीक, पाठीवर मोठे, आणि सांध्याच्या आतल्या बाजूला खवल्यांऐवजी आडव्या घड्या.

अर्धा चेहरा करून उलटवण्याचा मोह सगळ्यांना होतो. मगरीच्या बाबतीत तो हमखास उघडा पडतो. तिच्या तोंडावरचे खवले वाढताना कातडी दबून पडलेल्या घड्यांमधून तयार होतात, असं २०२४ साली ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या संशोधनात दाखवलं आहे. म्हणून डावी-उजवी बाजू कधी जुळत नाही. आकार उलटवा, कातडं नको.

मग मास्क (लेयरचा नको तो भाग झाकणारा पडदा) लावून निम्म्याहून जास्त पोत पुसून टाका. आमच्या मते नवशिके इथेच कचरतात. डोळे आणि जबड्याभोवती पोत ठेवा, बाकी अंगावर नुसती चाहूल पुरे. उरलेल्यातल्या दहा-पंधरा खवल्यांच्या कडा ब्रशने स्वतः उजळा.

शेवटी फोटोचा दाणा आणि ब्रशची गुळगुळीत जागा वेगवेगळी दिसतेच. सगळ्यात वर ५० टक्के करडा लेयर घ्या, त्यावर दोन-तीन टक्के एकरंगी नॉइज (बारीक ठिपके) द्या आणि तो ओव्हरलेवर ठेवा.