दुर्बिणीतून करू की फाडून?

हर्नियाचं ऑपरेशन दुर्बिणीतून करू की फाडून, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तालुक्याच्या गावी सर्जन म्हणून बसलं की हा प्रश्न दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, पेट्रोल पंपावर, कुठेही गाठतो. विचारणारा बहुधा पुरुष. जांघेत लिंबाएवढी गाठ, खोकलं की बाहेर, आडवं पडलं की आत. हाच हर्निया: पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर डोकावतो.

हर्निया पहिल्यांदाच झालेला आणि एकाच बाजूचा असेल, तर माझं उत्तर लोकांना फारसं रुचत नाही: दोन्ही चालतं. तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय, ते करून घ्या. दुर्बिणीचं तंत्र अंगवळणी पडायला ५० ते १०० ऑपरेशनं लागतात. ‘तुम्ही आजवर किती केलीत?’ हे विचारायला लाजू नका. आम्हाला राग येतो, पण येऊ द्या.

उघड्या ऑपरेशनात जांघेवर सहा-सात सेंटिमीटरचा छेद घेतात, बाहेर आलेली पिशवी (पोटाच्या आतल्या अस्तराची) आत सारतात आणि कमकुवत भिंतीवर कृत्रिम धाग्याची जाळी बसवतात. पूर्वी, एकोणिसाव्या शतकातले इटालियन सर्जन बासिनी यांच्या पद्धतीने, स्नायू ओढून शिवत. ओढून शिवलेलं दुखायचं आणि उसवायचंही. अमेरिकन सर्जन लिक्टेन्स्टाइन यांनी १९८०च्या दशकात ताण न देता जाळी लावायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. या पद्धतीचा खरा फायदा भुलीचा. जागेवर इंजेक्शन देऊनही काम होतं. सत्तरीचे, दोन जिने चढताना धापा टाकणारे आजोबा असले की मला हेच बरं वाटतं. जाळी शिवून झाली की टेबलावरच त्यांना म्हणतो, ‘आजोबा, खोका जोरात.’ जाळी जागची हलत नाही, हे मला डोळ्यांनी दिसतं.

दुर्बिणीत तीन छोटी छिद्रं, साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी स्नायूंच्या मागून, आणि बहुतेक वेळा पूर्ण भूल. सुरुवातीचं दुखणं कमी, कामावर लवकर परत, आणि पुढे रेंगाळणारी वेदनाही कमी. दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर त्याच छिद्रांतून दोन्ही उरकतात. बायकांना मी दुर्बीणच सुचवतो, कारण त्यांच्यात मांडीच्या वरच्या भागातला, बाहेरून चकवणारा हर्निया आतून दिसतो. उघड्या ऑपरेशननंतर परत उद्भवला तर दुर्बीण. दुर्बिणीनंतर उद्भवला तर उघडं. प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन आधी झालं असेल, तर सहसा उघडंच.

जाळीची भीती मात्र व्हॉट्सअ‍ॅपने फार वाढवली आहे. भीती बाळगायचीच तर तीन महिन्यांनंतरही न जाणाऱ्या दुखण्याची बाळगा. ते दहा-बारा टक्के लोकांना होतं, तीव्र मात्र थोड्यांनाच. जाळी नकोच असेल तर पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत आहे: रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरायची. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर तिची लिक्टेन्स्टाइन यांच्या जाळीच्या पद्धतीशी तुलना झाली. तीन वर्षांनी हर्निया परत होण्याचं प्रमाण सारखंच निघालं. अडचण पैशांची असेल तर दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांचं नाव घ्यायला हवं. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं. याच कल्पनेची युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी झाली, २०१६ मध्ये प्रसिद्धही झाली. वर्षभरानंतर महागड्या जाळीशी तुलना करता लक्षणीय फरक आढळला नाही. (घरची मच्छरदाणी आणू का, असं एकाने मला खरंच विचारलं. नको.)

ऑपरेशननंतर तीन महिने बादली उचलायची नाही, हे आजीच्या काळातलं. जमेल तसं सगळं सुरू करा, असंच आता सांगतात. त्याच संध्याकाळी चाला. जिना चढा. मोटारसायकल कधी? जोरात ब्रेक दाबायला कचरला नाहीत की. पोत्याचं ओझं मी चार-सहा आठवडे थांबवतो, ती माझी सावध सवय समजा. वृषणाशी सूज येते, कातडी काळीनिळी पडते. फोनवर निम्मे लोक याच कारणाने घाबरलेले असतात. ते बहुधा आपोआप ओसरतं. पोट साफ ठेवा. म्हाताऱ्या माणसाला लघवी अडली, विशेषतः पाठीत भूल दिली असेल तर, लगेच कळवा.

गाठ त्रास देत नसेल तर पुरुषांनी सुगी उरकून या. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या चाचणीत (२००६) थांबून पाहणाऱ्यांमध्ये आतडं अडकण्याचे प्रसंग अगदी विरळ होते. दोन वर्षांत जवळपास पाव लोकांनी ऑपरेशन करून घेतलं, तेही मुख्यतः दुखण्यापायी. बायकांनी मात्र थांबू नये. आणि गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर ती ढकलत बसू नका, काही खाऊ-पिऊ नका, रात्रीच्या रात्री निघा.