तुम्ही विचारलंत म्हणून: झ्लाटनच का?

मेस्सी आवडतो म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. रोनाल्डो म्हटलं तर निदान भांडण तरी रंगतं. स्वीडनचा स्ट्रायकर झ्लाटन इब्राहिमोविच याचं नाव काढलं की मात्र मालवणात काय नि वेंगुर्ल्यात काय, प्रश्न एकच: "तो स्वतःक देव समाजता! तुका तोच कित्याक आवडता?" मग पुरावे येतात. 2013 मध्ये पोर्तुगालकडून हरल्यावर तो म्हणाला होता की माझ्याशिवायचा वर्ल्ड कप बघण्यासारखा नसेल. 2018 मध्ये लॉस एंजेलिसला गेला तेव्हा तिथल्या पेपरात पानभर जाहिरात दिली. शहराने अजून आभार मानलेही नव्हते, याने त्यावरचं उत्तर छापून टाकलं.

हे मला ठाऊक आहे. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, त्याने कधी जिंकली नाही, हेही ठाऊक आहे. पण त्या जाहिरातीनंतरचा पहिला सामना कुणी काढत नाही. 31 मार्च 2018, त्याचा तिथला नवा क्लब गॅलेक्सी 1-3 ने मागे, हा 71व्या मिनिटाला आत आला. सहा मिनिटांत चाळीसेक यार्डांवरून, हवेतल्या बॉलवर, बरोबरीचा गोल. जादा वेळेत डोक्याने विजयाचा. बढाई आधी मारली, काम नंतर केलं, पण केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्याचा गर्व आणि त्याचा खेळ या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. 14 नोव्हेंबर 2012 चा इंग्लंडविरुद्धचा चौथा गोल घ्या. इंग्लंडचा गोलकीपर जो हार्ट बॉक्सबाहेर येऊन डोक्याने बॉल काढायला गेला आणि तो नुसता वर उडाला. झ्लाटनची पाठ गोलकडे, अंतर तीसेक यार्ड. शहाणा खेळाडू बॉल छातीवर घेतो, वळतो, आणि तोवर बचावपटू परत गोलवर पोचलेले असतात. याने वळण्याचा वेळच वाचवला: पाठमोराच हवेत उलटा होऊन बॉल डोक्यावरून मागे मारला. हीच बायसिकल किक.

बायसिकल किक उजव्या पायाने मारायची तर उडीही उजव्याच पायावरून घ्यायची असते. आधी डावा गुडघा वर फेकायचा. तो खाली येऊ लागला की त्याच झटक्यात उजवा वर जातो. बॉल बुटाच्या नाड्यांवर बसला पाहिजे, नडगीवर लागला तर कुठेही जातो. जवळून मारताना पाय बॉलच्या वरून आणावा लागतो, नाहीतर बॉल थेट माडाच्या शेंड्यात. तीस यार्डांवरून उलट कमान हवी: इंग्लंडचा बचावपटू शॉक्रॉस गोलरेषेकडे धावत घसरत होता, बॉल त्याच्या वरून जायला हवा आणि बारच्या खालून. 1.95 मीटर उंचीच्या माणसाची कंबर इतकी फिरते, त्यात लहानपणी शिकलेल्या तायक्वांदोचा वाटा आहेच. पण ते अंग इतरांकडेही असेल. मैत्रीपूर्ण सामना 3-2 असताना, चुकलं तर जग हसेल अशी किक मारायची इच्छा सगळ्यांकडे नसते.

(पोरं समुद्रावर ती करून बघतात म्हणून सांगतो: ओहोटीला पाणी नुकतंच सरलेली वाळू घट्ट असते, उडी छान निघते, पण पडल्यावर पाठ शेकते. कोरड्या पुळणीत पडणं सोपं, मात्र पाय रुततो आणि उडीच निघत नाही. हनुवटी छातीला लावून, कोपरं वाकवून, तळवे आणि खांदा यांवर पडा. हात ताठ ठेवलात तर मनगट गेलं. जांभ्याच्या मैदानावर तर नकोच.)

पूर्वी मी असंही म्हणायचो की ही सगळी बढाई म्हणजे दशावतारातला राक्षस आहे. तो आल्या आल्या स्वतःचीच स्तुती करतो, आणि आपण पहाटेपर्यंत बसतो ते त्याच्यासाठीच. अजूनही हे अर्धं पटतं. अडचण अशी की दशावतारी उजाडल्यावर रंग पुसतो.

26 जानेवारी 2021 ला तो रंग पुसला गेला नाही. कोप्पा इटालिया या इटलीच्या कपाची उपांत्यपूर्व फेरी, झ्लाटनचं मिलान विरुद्ध इंटर, आपल्याकडे रात्रीचा सव्वा वाजलेला. 31व्या मिनिटाला झ्लाटनने खालून कोपऱ्यात गोल मारला. मध्यंतराच्या तोंडावर इंटरच्या, आफ्रिकी वंशाच्या रोमेलू लुकाकूशी जुंपली. कोविडमुळे सॅन सिरो स्टेडियम रिकामं, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता. एकेकाळी मँचेस्टर युनायटेडमध्ये बरोबर खेळलेल्या माणसाला त्याने आईवरून, जादूटोण्यावरून डिवचलं. कपाळाला कपाळ लागलं, दोघांनाही पिवळं कार्ड. माझ्या मते मिलानचा तेव्हाचा प्रशिक्षक पिओली याने त्याला मध्यंतरातच काढायला हवं होतं. कार्ड डोक्यावर असलेला स्ट्रायकर, त्यात संतापलेला, बॉल हिसकावायला गेला की पाय उशिराच पडतो. 58व्या मिनिटाला इंटरच्या कोलारोव्हला पाडलं, दुसरं पिवळं, बाहेर. चाळीसेक मिनिटं मिलान दहा जणांनी खेळलं. लुकाकूने पेनल्टीवर बरोबरी केली आणि 97व्या मिनिटाला इंटरच्या एरिकसनच्या फ्री किकने सामना गेला.

म्हणजे जो अहंकार इंग्लंडविरुद्ध किक मारतो, तोच इथे संघ बुडवतो. सामन्यानंतर त्याने सहकाऱ्यांची माफी मागितली, असं पिओलीने सांगितलं. जादूटोण्याच्या टोमण्यावरून वंशवादाचा आरोप झाला, तेव्हा लोकांसाठी मात्र त्याने लिहिलं की आपल्या जगात वंशवादाला जागा नाही, आपण सगळे खेळाडू आहोत, काही इतरांपेक्षा सरस. खुलासा करतानाही शेवटचं वाक्य आवरलं नाही! मी हसलो, आणि हसू आलं याचा रागही आला. लुकाकूच्या जागी आपल्यापैकी कुणी असतं तर हसलं नसतं.

याच्यावर कुणी विचारलं तर मी 2022 पुढे करतो. मिलानने अकरा वर्षांनी इटलीची लीग जिंकली, आणि मग त्याने जाहीर केलं की सहा महिने डाव्या गुडघ्यात एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा मुख्य अस्थिबंध, नव्हता: दर आठवड्याला गुडघ्यातलं पाणी काढायचं, वीसहून जास्त इंजेक्शनं, रोज वेदनाशामक. चाळिशीतला माणूस. यालाही तुम्ही बढाई म्हणाल, आणि आहेच ती. एसीएल नसलेला गुडघा धावताना सरळ रेषेत चालतो, वळताना घसरतो, आणि दर घसरणीत आतली कूर्चा झिजते. कुणीही याचा कित्ता गिरवू नये. पण त्या सहा महिन्यांत स्वतःबद्दल एवढं मोठं मत नसतं, तर तो मैदानात उतरला असता का? 26 जानेवारी मात्र यातून वजा होत नाही, मी करून बघितलंय.

त्याच्या जन्मगावातल्या, मालमोतल्या, त्याच्या पुतळ्याचं सांगायचं राहिलंच. स्टॉकहोमच्या हॅमरबी क्लबात त्याने पैसे गुंतवले म्हणून गावच्याच लोकांनी पुतळ्याचं नाक कापलं, मग पुतळाच पाडला. त्या बाबतीत मी गाववाल्यांच्या बाजूने आहे. तेव्हा यापुढे वर्ल्ड कपवालं वाक्य ऐकवू नका, मला पाठ आहे. लुकाकूबद्दल विचारा.