घरघर

दुपारी घोडबंदर रोडचं ट्रॅफिक जरा ओसरतं, तेव्हा घरातले आवाज वर येतात. परवा असाच कॉम्प्युटरचा पंखा कानात बसला. बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत एकाच पट्टीत. काम जड असताना ओरडला तर मी समजून घेईन, पण एक साधी फाइल उघडून मी खिडकीबाहेर बघत बसलोय, तरी याचं आपलं घों घों.

आमच्याकडे कुठलीही वस्तू कुरकुरली की निदान ठरलेलं : धूळ. मेट्रोच्या खांबांचं काम निघाल्यापासून तर ते सहसा चुकतही नाही. कॅबिनेट उघडलं, प्रोसेसरवरचा पंखा उचलला, तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांवर जुन्या बनियनच्या कापडासारखा करडा थर. चक्क सोलून हातात आला. ब्रश मारला, प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी थर्मल पेस्ट खडखडीत वाळली होती, ती पुसून नवी लावली. तापमान झकास उतरलं. आवाज जागच्या जागी.

धूळ नाही तर बेअरिंग. ते ओळखायची आमच्या घरची रीत आहे. बाबा वागळे इस्टेटमध्ये एका प्रेस शॉपमध्ये होते, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशीनांच्या कारखान्यात. रविवारी टेबल फॅन, मिक्सर, सोसायटीची पाण्याची मोटर, जे रडत असेल त्याची तपासणी व्हायची. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. "गप्प बसा रे जरा!" मग आम्हीच काय, आईसुद्धा हातातली पळी तशीच धरून उभी. शेवटी निकाल यायचा, "पुढचं गेलंय. मागचं अजून काढेल वर्षभर." टेबल फॅनला शिलाई मशीनचं तेल मिळायचं, दोनच थेंब. तिसरा टाकला की बाबा चिडायचे.

मीही स्क्रू ड्रायव्हर लावला. ओरडणारा होता कॅबिनेटचा मागचा पंखा, आणि बेअरिंग तर स्वच्छ! मग वायरकडे लक्ष गेलं. बोर्डावर चार पिना, पंख्याच्या वायरीला तीनच भोकं. वेग कमी-जास्त करायचा हुकूम चौथ्या तारेतून येतो. ती तारच नसेल तर पंख्याला सरळ १२ व्होल्ट मिळतात आणि तो बिचारा जीव तोडून फिरत राहतो. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन त्या जोडणीचं पीडब्ल्यूएम (चौथ्या तारेचा हुकूम) काढून डीसी केलं. आता बोर्ड व्होल्टेजच कमी करतो. पंखा निवला.

इतकं कौतुक कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. बाबा मागेच पेपर वाचत बसले होते.

"बाबा, गप्प झाला बघा!"

"कोण?"

सतत मोठा आवाज आदळला की कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे सूर सोडतो, मग हळूहळू बाकीचे. कायद्याने ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. प्रेसपाशी उभं राहून कुणी आवाज मोजलेला बाबांनी नोकरीभर पाहिला नाही. कानात कापूस घालून येणाऱ्याला तिथे हसायचे. बाबाही हसायचे.