गाण्याचं तिकीट वेगळं पाहिजे

बेळगावातल्या आमच्या वडगाव-शहापूरच्या पोराला बेंगलोरात नोकरी लागली की मला दोन फोन ठरलेले. पहिला पीजी बघून द्या म्हणून. पहिला पगार हातात पडला की दुसरा, "मामा, लाइव्ह म्युझिक ऐकायला कुठं जाऊ?" मी तिकडं बारमध्ये साउंड करायचो हे सगळ्या गल्लीला ठाऊक. आई मात्र अजून पाहुण्यांना "हॉटेल लाइनमध्ये होता" असंच सांगते. तर फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी शिकलो गणपतीच्या डॉल्बीवर. आमच्या वडगावात मागांच्या खडखडाटात एकमेकांशी ओरडूनच बोलायचं, त्यामुळं मोठ्या आवाजाचं अप्रूप नव्हतं. नंतर लोकमान्य रंगमंदिरात नाटकांना आणि आर्ट्स सर्कलच्या मैफिलींना एका जाणत्या माणसाच्या हाताखाली केबली ओढल्या. आवाज वाढवायचं शिक्षण डॉल्बीत झालं आणि कमी करायचं मैफिलीत. त्या शिदोरीवर रात्रीची गाडी पकडून बेंगलोर गाठलं आणि साउंड भाड्यानं देणाऱ्या एकाकडं लागलो. ड्रमरचं सामान लावायचं, माइक बांधायचे, सगळ्यांचा आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवर उभं राहायचं आणि बंद झाल्यावर सगळं गुंडाळून टेम्पोत भरायचं. आमच्याकडच्या कन्नडला प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'री' लागतो, त्यावर तिथले वेटर हसायचे. हसू देत. जेवण चांगलं द्यायचे.

जागांची यादी मी कुणाला देत नाही, कारण ती टिकत नाही. इंदिरानगरच्या 12व्या मेनवरचं हमिंग ट्री 2013 ला उघडलं आणि 2019 ला बंद झालं. मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधलं ब्लू फ्रॉग म्हणजे तर बँडवाल्यांचं पंढरपूर. 2007 च्या डिसेंबरात सुरू झालं, 2016 ला आटपलं. तिथं एका बँडबरोबर सामान घेऊन गेलो होतो. बसायला गोल गोल कप्पे, मागचा पुढच्यापेक्षा उंच, त्यामुळं कुठंही बसलं तरी स्टेज दिसायचा. गाणारा दिसत असला की माणूस आपोआप ऐकतो, दिसेनासा झाला की गप्पा सुरू. एवढी साधी गोष्ट आहे, पण निम्म्या बारमध्ये बँडला खांबाआड उभं करतात आणि मग मालक मलाच विचारतो, लोक ऐकत का नाहीत म्हणून.

तेव्हा नाव बघू नका. आत गेल्यावर मिक्सर कुठं ठेवलाय ते बघा. साउंडवाल्याला गिऱ्हाइकाला ऐकू येतं तेच ऐकू आलं पाहिजे, म्हणजे त्याची जागा खोलीच्या मधोमध, स्टेजसमोर. पण मधोमध मिक्सर ठेवला की चार जणांचं एक टेबल जातं, आणि शनिवारी रात्री त्या टेबलाचं बिल किती होतं ते मालकाला तोंडपाठ असतं. मग मिक्सर जातो जिन्याखाली, नाहीतर टॉयलेटच्या दाराशी. मी टॉयलेटच्या दाराशी उभं राहून पुष्कळ बँड वाजवलेत. दार उघडलं की वेगळं ऐकू येतं, बंद झालं की वेगळं. ज्या मालकानं ते एक टेबल सोडलंय त्याच्याकडं डोळे झाकून जावा.

आता फ्रिजची गोष्ट सांगतो. कोरमंगलातला एक बार, नाव जाऊ दे. बँड चांगला, गाणारी मुलगी तर फारच चांगली, दुपारी वाजवून बघतात त्या साउंडचेकला सगळं चोख. आठ-साडेआठला लोक भरले आणि स्पीकरमधून घुंsss असा आवाज सुरू झाला. दहा मिनिटं वाजतो, मग 'टक' होऊन थांबतो, परत सुरू. मुलगी हळू आवाजातलं काही गायला लागली की नेमका तेव्हाच. माइक बदलला, केबल बदलली, गिटारवाल्याची पेडलं एकेक काढून बघितली. मॅनेजर मंगळूरचा, कानाशी येऊन, "बॉस, काहीतरी करा." मी म्हटलं, करायलोयच की. शेवटी स्टेज सोडला आणि बार काउंटरच्या मागं जाऊन नुसता उभा राहिलो. बारमननं बिअरचा मोठा फ्रिज उघडला, चार बाटल्या काढल्या, झाकण लावलं. थोड्या वेळानं फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला आणि इकडं स्पीकर घुमायला लागला. आपल्या विजेचे 50 हर्ट्झ, तोच तो सूर.

इलेक्ट्रिशियननं स्टेजचा प्लग, फ्रिज आणि मिक्सर-ग्राइंडर सगळं एकाच फेजवर दिलं होतं, आणि अर्थिंगच्या नावानं आनंद. दुपारी साउंडचेकला फ्रिज गार असतो, कुणी उघडत नाही, म्हणून पत्ता लागला नाही. रात्री गिऱ्हाईक वाढलं की फ्रिज सारखा उघडतो आणि कॉम्प्रेसरला दम नाही. मी मॅनेजरला म्हटलं, गाणं होईपर्यंत फ्रिज बंद ठेवा. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी काहीतरी पाप बोललो. बरोबरच होतं त्याचं. लोक बिअरसाठी पैसे देत होते, गाणं फुकट होतं. शेवटी किचनच्या पलीकडच्या डीबीतून, म्हणजे विजेच्या फ्यूजच्या डब्यातून, वेगळ्या फेजची लाइन ओढून आणली. पण एवढं होईपर्यंत बँडचा अर्धा वेळ गेला होता.

माझं सगळं म्हणणं या फुकटात आलं. बेंगलोरच्या बहुतेक ठिकाणी दारात कव्हर चार्ज घेतात आणि तो सगळा आत खाण्यापिण्यात वळता होतो. हजार दिले, हजाराचं प्या. गाण्याचे किती? शून्य. मग बँडला पैसे बिअरच्या गल्ल्यातूनच जाणार, आणि गल्ला भरत नसेल तर मालक पुढच्या वेळी बॉलिवूड नाइट लावणार. स्वतःची गाणी करणाऱ्या पोरांना मंगळवार-बुधवार मिळतो, शनिवार मिळतो सगळ्यांना पाठ असलेलं वाजवणाऱ्यांना. मालकाला शिव्या देण्यात अर्थ नाही. जागेचं भाडं आहे, दारूच्या सीएल-7 नाहीतर सीएल-9 लायसनची फी आहे, तो काय करणार! पण जिथं गाण्याचं तिकीट वेगळं असतं, बिलात वळतं होत नाही, तिथं माणूस दारातूनच ऐकायच्या तयारीनं आत येतो. दोनशे रुपये का असेनात. व्हाइटफील्डच्या विंडमिल्समध्ये बघा. बिअर तिथंच गाळतात, पण जॅझच्या कार्यक्रमाला तिकीट काढून बसायचं. भिंतीला पुस्तकांची कपाटं आहेत. शोभा म्हणून असतील, पण माझ्या दृष्टीनं ते उत्तम काम आहे. उघड्या कपाटातली लहानमोठी पुस्तकं आवाज विखरून टाकतात, सपाट भिंतीसारखा तोंडावर परत फेकत नाहीत.

पोलिसांचं म्हणाल तर तो विषय गुंतागुंतीचा आहे. बेंगलोर पोलिसांचा 2005 चा एक आदेश आहे, सार्वजनिक करमणुकीच्या जागांना लायसन लावणारा. मुळात रोख होता नाचणाऱ्या बायका ठेवणाऱ्या बारवर, पण त्यात लाइव्ह बँड, कॅबरे, डिस्कोथेक सगळं एका ओळीत. बारवाले कोर्टात गेले, वर्षानुवर्षं चाललं, आणि जानेवारी 2018 ला सुप्रीम कोर्टानं तो आदेश उचलून धरला. त्याच वर्षी इंदिरानगर, कोरमंगला भागात नोटिसा फिरल्या आणि बऱ्याच ठिकाणी बँडच काय, रेकॉर्डही बंद. लायसन काढा म्हटलं तर इमारतीचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट पाहिजे, आणि बेंगलोरात ते किती इमारतींकडं असतं ते तिथं घर घेतलेल्या माणसाला विचारा. गिटारवाला पोरगा बिचारा कशात काही नाही, आणि त्याचा धंदा नाचणाऱ्यांच्या कायद्यात अडकला.

वेळेचंही तसंच. आधी साडेअकराला शटर. 2014 ला शुक्रवार-शनिवारी रात्री 1 पर्यंत मुभा मिळाली, पुढं रोजची झाली. पण आवाजाचा नियम वेगळाच आहे. रात्री 10 नंतर राहत्या भागात 45 डेसिबल, बाजारपेठेत 55. दोन माणसं समोरासमोर नीट बोलली तरी मीटर 60 च्या आसपास जातो!

तरीसुद्धा शेजाऱ्यांच्या बाबतीत मी बारवाल्यांच्या बाजूचा नाही. एकदा बंद व्हायच्या आधी मागच्या अपार्टमेंटमधल्या एक बाई आल्या, सत्तरीच्या असतील, अंगावर स्वेटर. मॅनेजर त्यांना मोबाइलवरचं डेसिबलचं अॅप दाखवायला लागला, बघा मॅडम, लिमिटमध्ये आहे. त्या म्हणाल्या, "स्वल्प कम्मी माडी, जरा कमी करा. मला गाणं ऐकू येतच नाही, माझी खाट हलते." अगदी बरोबर बोलल्या. ते अॅप कानाच्या हिशेबानं मोजतं, खालचा बेस त्यात फार कमी धरला जातो. आणि बेस तर भिंतीला जुमानत नाही. 50 हर्ट्झची एक लाट जवळपास 7 मीटर लांब असते, ती स्लॅबमधून, बीममधून सरळ पलीकडच्या घरात. गायकाचा आवाज दारातच अडतो आणि बाईंच्या खाटेपर्यंत पोचतो तो फक्त धुमधुम. मी बेसचे डबे जमिनीवरून उचलून जाड रबरावर ठेवले, खालचं सगळं कापलं. नाचणारी मंडळी कुरकुरली. बाहेरच्या दाराआत आणखी एक दार केलं असतं तर निम्मं काम झालं असतं, पण दुसरं दार म्हणजे परत एका टेबलाची जागा! आमच्या गल्लीतून गणपतीचा डॉल्बी जाताना कपाटातली भांडी वाजतात तेव्हा आता मला त्या बाई आठवतात, आणि मंडळाची पोरं म्हणतात, मामा बेंगलोरला जाऊन बिघडले.

हे सगळं वाचून वाटेल की मी वैतागून परत आलो. तसं नाही. घरी आलो ते वडिलांचे गुडघे गेले म्हणून. तिथं ऐकलेलं काही काही अजून डोक्यात आहे. संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं आमच्याकडं कन्नड भजनी मंडळं म्हणतात, एकतारी आणि टाळावर. शरीफ इकडचेच, आताच्या हावेरी जिल्ह्यातले, एकोणिसाव्या शतकातले. तीच पदं बँडवाल्या रघू दीक्षितनं गिटार आणि व्हायोलिन घेऊन गायली आणि बेंगलोरच्या पोरांनी डोक्यावर घेतली. एका बारमध्ये दुसऱ्याच एका बँडनं शरीफांचं पद काढलं, तेव्हा मी मिक्सरवर होतो. हातात बिअरचे मग घेतलेली, ऑफिसची कार्डं गळ्यात असलेली शंभरभर पोरं ते म्हणायला लागली. गायकाचा माइक मी हळूहळू खाली घेतला. लोकांचाच आवाज पुरत होता.

आता आपल्या बेळगावाकडं येऊ. मागच्या पावसाळ्यात खानापूर रोडवरच्या एका रेस्टो-बारच्या मालकानं बोलावलं. लाइव्ह म्युझिक सुरू करायचंय, म्हणाला. जागा बघितली. स्टेज ठेवणार होता कोपऱ्यात, टीव्हीखाली, आणि टीव्हीवर क्रिकेट. मी म्हटलं, शंभर रुपये तिकीट लावा, वळतं करू नका. तो खदाखदा हसला. "काय गा, शंभर रुपये जास्तीचे द्यायचे म्हटलं तर माणूस चोर्ला घाट उतरून गोव्यात जाऊन बसेल की! तिथं दारू पण स्वस्त." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण आमची निम्मी पोरं शनिवारी तेच करतात.

मग आणखी एक भानगड, चिठ्ठ्यांची. आमच्याकडं टेबलावरून फर्माइशीची चिठ्ठी येते. एका टेबलाला मराठी पाहिजे, शेजारच्याला कन्नड, तिसऱ्याला नव्वदच्या दशकातली हिंदी, आणि ज्याचं गाणं आधी झालं त्याच्याकडं बाकीचे दोघं बघत बसतात. सीमाभागात गाण्याचा क्रम लावणं हे साउंड करण्यापेक्षा जोखमीचं काम आहे. त्यावरनं मला सुचलं. मालकाला म्हटलं, तिकीट राहू दे, चिठ्ठीला पन्नास रुपये लावा, आणि ते सरळ गाणाऱ्या पोरांच्या डब्यात. हे त्याला पटलं, कारण त्याचं काही जात नव्हतं. मधोमध मिक्सर मात्र नाही म्हणजे नाहीच. फ्रिजची लाइन वेगळी करून घेतली, ती मी स्वतः उभं राहून.

गाणारी दोन पोरं आहेत, एक अनगोळचा, एक हिंदवाडीचा. पन्नास रुपये म्हटल्यावर चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या, आणि मधल्या रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःची दोन गाणी म्हणून घेतली, एक मराठी, एक कन्नड. कन्नड गाण्याची चाल जास्त बरी आहे, मराठीचे शब्द. दर गुरुवारी साडेसातला असतात. गेलात तर टीव्हीकडं पाठ करून बसा, आणि चिठ्ठी पाठवायची नसली तरी डब्यात पन्नास टाका.